नवी टर्बो गाडी ऑइल का ‘खाते’?
गाडीमालक, ड्रायव्हर आणि मेकॅनिक बांधवांसाठी उपयुक्त माहिती

बागलाण तालुक्यात शेती आणि वाहतूक हे दोन धंदे एकमेकांच्या आधारावर उभे आहेत. सटाणा व नामपूर बाजार समितीतला कांदा, या भागातली अर्ली द्राक्षे, डाळिंब, भाजीपाला, यातला कोणताही माल गाडीवर चढल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. या गाड्या चालवणारे, दुरुस्त करणारे आणि हप्त्यावर घेऊन धंदा करणारे आपले अनेक बांधव सटाणा, नामपूर, ताहाराबाद आणि मालेगाव परिसरात आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही एक असा विषय घेतला आहे की, ज्याचा त्यांच्या रोजच्या कमाईशी थेट संबंध आहे.

अलीकडे गॅरेजमध्ये एक तक्रार वारंवार कानावर येते. ‘गाडी नवी आहे, वर्षही झाले नाही, कुठे गळती नाही, तरी ऑइल कमी होते.’ ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे दोन प्रकारे नुकसान होताना आम्ही पाहिले आहे. कोणी त्याला घाबरवून सोडतो, ‘रिंग गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ असे सांगतो आणि वॉरंटीतले चांगले इंजिन बाहेर खोलले जाते. दुसरा कोणी ‘नव्या गाडीला काय होते?’ म्हणून दुर्लक्ष करतो आणि एके दिवशी भरल्या मालासह घाटात इंजिन जाम होते. दोन्ही ठिकाणी हप्ता मात्र चालूच राहतो. हे नुकसान थोड्या माहितीने टाळता येते.

पूर्वीची गाडी आणि आजची गाडी

ज्यांनी मार्शल, कमांडर, जुन्या 407 अशा गाड्यांवर हात बसवला, त्यांना साध्या डिझेल इंजिनाची सवय आहे. जाड ऑइल, मोठे चेंबर, थोडा काळा धूर, आणि इंजिन थकले की बोरिंग करून पुन्हा उभे करायचे, असा तो हिशेब होता. देशभर 1 एप्रिल 2017 पासून भारत स्टेज चार आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. धूर कमी, डिझेल कमी आणि ताकद जास्त, अशा तिन्ही गोष्टी साधायच्या तर छोट्या इंजिनाला टर्बो, कॉमन रेल आणि सायलेन्सरच्या रस्त्यात काजळी पकडणारा फिल्टर जोडावा लागला. टर्बो तसा जुनाच आहे. आल्फ्रेड ब्युशी या स्विस इंजिनियरने 1905 साली त्याचे पेटंट घेतले, आणि ट्रकला तो आपल्याकडेही कित्येक वर्षांपासून आहे. पण आता तो छोट्या पिकअपपासून घरच्या पेट्रोल कारपर्यंत पोहोचला आहे. टाटा नेक्सॉन 2017 मध्ये आली, ह्युंदाई व्हेन्यू 2019 मध्ये. दोन्ही गाड्यांना लहान टर्बो पेट्रोल इंजिन मिळू लागले. म्हणून हा विषय फक्त मालगाडीवाल्यांचा राहिलेला नाही.

टर्बोत ऑइलचे काम काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात भरते. हवा जास्त गेल्यामुळे डिझेल चांगले जळते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि डिझेल गाडीत त्याच्या एका बाजूचा धूर सहाशे-सातशे अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला असतो. बहुतेक टर्बोंमध्ये तो साध्या बॉल बेअरिंगवर नसून ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे तेच ऑइल दांड्याला आधार देते, थंडही ठेवते आणि नंतर उताराच्या पाईपने आपोआप चेंबरमध्ये परत येते.

या दांड्यावर रबरी सील टिकत नाही. तिथे पिस्टन-रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंग असतात, आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबामुळे ऑइल आत थांबते. त्यामुळे हवेच्या पाईपमध्ये किंवा इंटरकूलरमध्ये ऑइलचा हलका ओलावा दिसला तर लगेच टर्बो गेला असे समजू नये. ओलावा वेगळा आणि वाटीभर साचलेले ऑइल वेगळे.

नवी गाडी ऑइल जास्त का घेते?

पहिली गोष्ट अशी की, ऑइल अजिबात न जळणारे इंजिन नसते. पिस्टन वर-खाली होताना लायनरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो आणि त्यातला थोडा भाग प्रत्येक वेळी जळतो. तो थर नसेल तर पिस्टन धरून बसेल.

दुसरे कारण रुळण्याचे. कारखान्यात लायनरच्या आतून मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारलेल्या असतात. नवी रिंग या रेघांवर घासून हळूहळू भिंतीला नेमकी बसते. ती पूर्ण बसेपर्यंत, म्हणजे पहिल्या काही हजार किलोमीटरपर्यंत, ऑइल थोडे जास्त जळते आणि पुढे प्रमाण आपोआप उतरते.

तिसरे, टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो. रिंगांच्या फटीतून थोडा वायू चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरच्या पाईपने पुन्हा हवेच्या रस्त्यात जातो. जाताना तो ऑइलची वाफ आणि बारीक थेंब बरोबर नेतो.

चौथे, डिझेल-पेट्रोल वाचावे म्हणून आजकालच्या रिंगांचा ताण कमी ठेवतात आणि ऑइलही पातळ वापरतात. पातळ ऑइल उष्णतेने तुलनेने लवकर उडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. त्यात भरली गाडी घाट चढत असेल तर फरक अधिकच जाणवतो.

मग किती कमी झालेले चालते? हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. उदाहरणार्थ स्कोडा, फोक्सवॅगनच्या पुस्तिकांत 1,000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जाऊ शकते आणि पहिल्या 5,000 किलोमीटरमध्ये याहून जास्तही जाऊ शकते, असे म्हटलेले आढळते. ही कमाल मर्यादा आहे. निरोगी इंजिन बहुतेक वेळा यापेक्षा बरेच कमी ऑइल घेते. म्हणून मर्यादेचा आकडा वाचून घाबरू नये आणि निष्काळजीही होऊ नये. आपली गाडी महिन्यामागून महिना किती घेते आणि ते प्रमाण वाढते आहे की घटते, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

ऑइल मोजण्याची बरोबर रीत

आमच्या पाहण्यात निम्म्या तक्रारी चुकीच्या मोजणीतून निघतात. कोणी उतारावर मोजतो, कोणी इंजिन बंद केल्याबरोबर. मोजणी अशी करावी :

1. गाडी सपाट जागेवर उभी करावी. मालगाडी शक्यतो रिकामी असावी.

2. इंजिन चालवून गरम करावे, मग बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे. वर गेलेले ऑइल चेंबरमध्ये उतरू द्यावे. आपल्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी.

3. डिपस्टिक बाहेर काढून स्वच्छ कपड्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले तर गाडी चालवण्यास हरकत नाही.

4. भरताना थोडे थोडे भरावे. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नये. जास्त ऑइल झाल्यास क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून जास्त ऑइल उडते आणि पुन्हा ‘गाडी ऑइल खाते’ ही तक्रार सुरू होते.

नवीन गाडी दर आठवड्याला आणि लांबच्या प्रत्येक फेरीआधी मोजावी. सटाण्याहून वाशीला रात्री निघणाऱ्या ड्रायव्हरने टायरमधली हवा पाहावी, तशी डिपस्टिकही पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आता हिशेब. एक वही करावी. समजा, 12,000 किलोमीटरवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत होते. 15,000 किलोमीटरवर पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणायला 600 मिलिलिटर लागले. म्हणजे 3,000 किलोमीटरला 600, अर्थात 1,000 किलोमीटरला 200 मिलिलिटर. पुढच्या 3,000 किलोमीटरला 450 लागले तर इंजिन रुळत आहे, काळजी नाही. तेच 900 लागले तर तपासणीची वेळ आली. पुढे कंपनीशी बोलायची वेळ आली तर ही वही आणि बिले हाच आपला मोठा पुरावा ठरतो. ‘खूप ऑइल जाते’ असे तोंडी सांगितल्याने काहीही सिद्ध होत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. डॅशबोर्डवर जो लाल ऑइलचा दिवा लागतो, तो बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब पडल्याचे सांगतो. तो लागेपर्यंत वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन तात्काळ बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या किमतीला पडतो.

ऑइल वाढले तर आनंद मानू नका

भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःहून त्यात उष्णता वाढवते आणि काजळी जाळून टाकते. यासाठी अनेक इंजिनांत थोडे जादा डिझेल उशिरा सोडले जाते. गाडी लांब पल्ल्यावर असेल तर हे काम नीट पूर्ण होते. पण गावातल्या गावात, मळा ते मार्केट आणि मार्केट ते मळा अशा छोट्या फेऱ्या होत असतील आणि प्रत्येक वेळी मध्येच इंजिन बंद होत असेल, तर ते न जळलेले डिझेल लायनरवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. मग डिपस्टिकवर पातळी तशीच दिसते, कधी वाढलेलीही दिसते. मालक खूश होतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेले असते, बेअरिंग आणि टर्बो धोक्यात असतात.

पातळी वाढली किंवा डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर ऑइल बदलावे आणि कारण शोधावे. फिल्टरचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. दिवा लागलेला असताना आठवडाभर गावातच फिरवू नये. थंडीत अगदी छोट्या फेऱ्या करणाऱ्या पेट्रोल टर्बो कारमध्येही पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकते. तिला आठवड्यातून एकदा तरी लांब चालवावे.

ड्रायव्हरच्या हातात काय आहे?

पहिल्या 1,000 ते 1,500 किलोमीटरमध्ये गाडी पूर्ण रेस देऊन पिळू नये, फार जड माल लादू नये. पण अगदी मुंगीच्या चालीने किंवा तासन्‌तास उभी चालू ठेवूनही उपयोग नाही. इंजिनावर मध्यम भार आला नाही तर रिंग भिंतीला नीट बसत नाही, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल जाळण्याची सवय कायमची लागते.

सेल्फ मारल्याबरोबर रेस देऊ नये. अर्धा मिनिट ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्यावे. राहूड किंवा शेलबारीसारखा घाट चढून आल्यावर चहासाठी थांबताना इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे न्यूट्रलवर चालू द्यावे. एकदम बंद केल्यास तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून कोळशासारखे चिकटते, ऑइलचा रस्ता अरुंद होतो आणि बेअरिंग झिजते. टर्बो जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डात आणि शेतरस्त्यावर धूळ फार असते. एअर फिल्टर तुंबला तर टर्बो हवा जोराने ओढतो आणि हवेच्या बाजूने ऑइलही खेचले जाते. फिल्टर फाटला तर धूळ सरळ लायनर घासते. म्हणून धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच पाहत जावा.

ऑइल कोणते आणि कुठून?

पुस्तिकेत जो ग्रेड आणि जो दर्जा लिहिला आहे, तोच वापरावा. फक्त 15डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-30 एवढे पाहून चालत नाही. काजळीच्या फिल्टरवाल्या गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. साधे ऑइल जळले की त्याची राख त्या फिल्टरमध्ये साठते, आणि काजळीसारखी ती जळून जात नाही. डब्यामागे चार पैसे वाचवून महागडा फिल्टर बाद करणे हा शहाणपणाचा व्यवहार नाही. त्याचप्रमाणे ‘ऑइल जाते ना, मग जाड टाका’ हा जुना उपाय नव्या गाडीला लावू नये. जाड ऑइल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते.

बनावट ऑइलपासून सावध राहावे. सील नीट पाहावे, पक्के बिल घ्यावे आणि रिकामा डबा फोडून किंवा भोके पाडूनच टाकावा. आपलाच रिकामा डबा उद्या बनावट मालाने भरून आपल्यालाच विकला जाऊ शकतो. काढलेले जळके ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा आरम नदीकाठी ओतू नये. साठवून अधिकृत खरेदीदारालाच द्यावे.

मेकॅनिक बांधवांसाठी तपासणीचा क्रम

इंजिन खोलणे ही शेवटची पायरी आहे. त्याआधी स्वस्तातून महागाकडे असे जावे :

प्रथम बाहेरची गळती पाहावी. ड्रेन नट, ऑइल फिल्टर, टर्बोचे पाईप, मागचे सील. नंतर एअर फिल्टर. मग ब्रीदर तुंबला आहे का. तो तुंबला तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि टर्बोचे ऑइल परत उतरत नाही. टर्बोचा परतीचा पाईप दबलेला किंवा कचऱ्याने भरलेला आहे का, हेही पाहावे. हा पाईप साफ केल्यावर ‘गेलेला’ टर्बो बरा झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर इंजिन बंद असताना टर्बोचा दांडा हाताने हलवून ढिलेपणा तपासावा. सगळ्यात शेवटी वाल सील आणि कॉम्प्रेशन.

धूरही बोलतो. चालू करताच निळा धूर येऊन बंद झाला तर वाल सीलचा संशय घ्यावा. रेस देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंग किंवा टर्बो. मात्र काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीत धूर बाहेर दिसतच नाही, म्हणून तिथे वहीतल्या हिशेबावरच विसंबावे लागते.

नव्या गाड्यांचे काम करायचे तर पाना-हातोडीबरोबर स्कॅनर वापरता आला पाहिजे. ज्या तरुणांना जमेल त्यांनी आयटीआयचा डिझेल मेकॅनिक किंवा मोटार व्हेइकल मेकॅनिकचा कोर्स जरूर करावा. वडिलांच्या गॅरेजचा अनुभव आणि नवे शिक्षण एकत्र आले तर हा धंदा पुढची पिढीही टिकवू शकेल.

धंद्यातली अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून गेले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याला कडक शब्दांत ताकीद दिली. ही हकीकत हदीसमध्ये आहे. गॅरेजमध्ये ओले धान्य म्हणजे बोनेटखालची गोष्ट, जी गिऱ्हाइकाला दिसत नाही. चार लिटरचे बिल करून साडेतीन भरणे, चांगला टर्बो ‘गेला’ म्हणून बदलणे, वॉरंटीतली गाडी खोलून मग कंपनीकडे पाठवणे, हे सारे त्याच ढिगाखालचे ओलेपण आहे. याउलट ‘हे काम वॉरंटीत फुकट होईल, आधी सर्व्हिस सेंटरला जा’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकचे त्या दिवसाचे काम जाते, पण गिऱ्हाईक आयुष्यभराचे जोडले जाते. हलाल रोजीची बरकत अशीच येते.

तक्रार कशी करावी?

ऑइलचे प्रमाण मर्यादेबाहेर असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यांच्यासमोर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून, किलोमीटर नोंदवून, 1,000 किलोमीटरनंतर पुन्हा मोजण्याची चाचणी मागावी. प्रत्येक जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्यावी. सर्व्हिस वेळेवर झाल्याची बिले नसतील तर आपलीच बाजू पडते.

तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. धंद्यासाठी गाडी घेतली म्हणून आपण ग्राहक नाही, असे पुष्कळजण समजतात. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या संरक्षणात येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

शेवटी एवढेच सांगू इच्छितो. नवी टर्बो गाडी थोडे ऑइल घेते, हा तिचा दोष नव्हे. ते किती घेते हे आपल्याला माहीत नसणे, हा मात्र आपला दोष आहे. गाडीत एक कपडा, एक वही आणि योग्य ऑइलचा एक लिटरचा सीलबंद डबा ठेवा. पुढच्या फेरीआधी डिपस्टिक काढा आणि पहिला आकडा आजच लिहा. इन्शाअल्लाह, गाडी हप्ते फिटल्यावरही बरीच वर्षे कमावून देईल.